जावयाचा नंबर आणि ब्रेकचा दिवा

गाडीचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो दिवा वेळेवर लागावा म्हणून सुरतेजवळ भेस्तानच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी ऐन उमेदीची वर्षं घालवली, असं सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. आमच्या सोसायटीतल्या कुलकर्णीवहिनींनी तर एकदा विचारलंच, "म्हणजे रेखाताई, तुम्ही गॅरेजमध्ये होता का?" मी म्हटलं, "नाही हो. बल्ब बसवणारा वेगळा. बल्बनं कधी पेटायचं ते सांगणारी मी." त्यांनी मान डोलावली आणि विषय चकलीच्या भाजणीकडे वळवला.

आता मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या क्षेत्रातले अनुभव सोप्या भाषेत द्या" अशी गळ घातली गेली आहे. क्षेत्र वगैरे शब्द ऐकले की मला कुंपण आठवतं. माझ्या नोकरीचा चढता आलेख देणं शक्य नाही, कारण तो चढलाच नाही. एक प्रकरण मात्र आहे. ते सांगितलं की माझं अर्धं क्षेत्र सांगून होतं, आणि उरलेलं अर्धं कंटाळवाणं आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींमध्ये छोटे कॉम्प्युटर शिरू लागले होते. त्यांना ना पडदा ना कीबोर्ड. साबणाच्या वडीएवढी एक पेटी आणि आत एक चिप. त्या एकट्या चिपनं ब्रेकचा दिवा बघायचा, वायपर फिरवायचे, डॅशबोर्डवरचे आकडे दाखवायचे. आणि ती बिचारी एका वेळी एकच काम करू शकते. म्हणून कुणाचं काम आधी आणि कुणाचं मागून, हे ठरवणारा एक मुकादम तिच्यात बसवतात. त्याला म्हणायचं ऑपरेटिंग सिस्टीम. आमची जात 'रिअल टाइम'वाली. रिअल टाइम म्हणजे फार वेगवान, असा एक गैरसमज इंजिनिअरांतही आहे. गॅसवर दूध ठेवून तुम्ही दारात गप्पा मारत उभ्या असाल, तर तुम्हाला किती जोरात धावता येतं याला काही अर्थ नाही. दूध उतू जायच्या आधी पोचता का, एवढाच प्रश्न असतो. आमचा सगळा धंदा तेवढ्याच प्रश्नाचा.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मुकादमाची भाषा निराळी असायची. एकाकडून मुकादम घेतला आणि दुसऱ्याकडून वायपरचा प्रोग्रॅम घेतला, तर दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. मग युरोपातल्या गाडीवाल्यांनी एकत्र बसून मुकादमाशी बोलायची ठरावीक वाक्यं बांधून दिली. 'हे काम सुरू कर.' 'माझं झालं.' 'ही वस्तू थोडा वेळ मला दे.' 'अमुक वेळानं मला उठव.' मुकादम कुणाचाही असो, वाक्यं हीच. या वाक्यांच्या संचाला इंटरफेस म्हणतात. ती वाक्यं समजणारा मुकादम तयार करायचा, आणि त्याच्या हाताखाली चालणारी दोन-तीन कामं लिहून दाखवायची, असं काम जर्मनीतल्या एका कंपनीनं आमच्या शेठना दिलं.

हे काम सुरतेला का आलं, याचा विचार त्या कंपनीनं नंतर पुष्कळ केला असणार. आमचे शेठ नटुभाई यंत्रमागांसाठी पेट्या बनवत. धागा तुटला की माग थांबवणारी पेटी. आसपासच्या कारखान्यांत आमच्याच पेट्या. पण शेठांचा भाचा त्या जर्मन कंपनीत होता, आणि मामाकडे इलेक्ट्रॉनिक्स आहे एवढं त्यानं तिथं सांगितलं. ते खोटं नव्हतं. शेठांनी काम घेतलं, शेडला आतून थंड हवेची एक काचेची खोली करून घेतली, आणि त्या खोलीला 'ऑटोमोटिव डिव्हिजन' अशी पाटी लावली. बाहेर शेजारच्या मागांचा खडखडाट चालूच होता.

त्या काचेच्या खोलीत आम्ही तिघं. दिलीपभाई हे मागाच्या पेटीपासूनचे जुने इंजिनिअर, त्यांच्याकडे वायपर. मुकादम आणि ब्रेकचा दिवा माझ्याकडे. आणि डॅशबोर्डचा पडदा केतनकुमारांकडे. केतनकुमार म्हणजे शेठांचे जावई. गुजराथ्यांत जावयाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, नावाला 'कुमार' जोडतात. शेठ म्हणत, शेठाणी म्हणत, चहा आणणारा म्हणे, मग आम्हीही म्हणायचो. माणूस स्वभावानं गोड. गाडी सुरू केली की पडद्यावर 'भले पधार्या' अशी अक्षरं एका बाजूनं सरकत यावीत आणि दुसऱ्या बाजूनं निघून जावीत, ही कल्पना त्यांची. जर्मन लोकांनी असं काही मागितलं नव्हतं. पण पाहुण्याचं स्वागत नको म्हणणार कोण?

करारात एक कलम होतं. मुकादम पसंत पडला की इकडचा एक इंजिनिअर काही महिने जर्मनीला जाऊन तो खऱ्या गाडीत बसवून देणार. मुकादम सगळा माझा, तेव्हा जाणार मी, हे कुणी बोललं नव्हतं तरी ठरल्यासारखं होतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री डिंडोलीच्या आमच्या खोलीत मी जर्मन आकडे पुटपुटत झोपायची. माझे बाबा अकोल्याकडचे, जन्मभर नवागामच्या कारखान्यांत माग चालवलेले. मी पासपोर्टचा फॉर्म भरला त्या दिवसापासून ते गल्लीत येईल त्याला थांबवून सांगायचे, "माही पोरगी जर्मनीले चालली. गाड्याइचं काम हाय." आईनं लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. सुरतेच्या उकाड्यात ती मांडीवर लोकर घेऊन बसलेली बघूनच मला घाम फुटायचा.

मुकादमाला आधीच सांगून ठेवावं लागतं, की कुठल्या कामाला किती मोठा नंबर. नंबर मोठा, तो आधी. मोठ्या नंबराचं काम आलं की लहान नंबरानं हातातलं टाकून बाजूला व्हायचं. हे नंबर कारखान्यात एकदा ठरतात, मग गाडी भंगारात जाईपर्यंत बदलत नाहीत. आणि इथंच आमचं घोडं पेंड खायला लागलं. नंबर आला की मान आला, आणि मान आला की पाठोपाठ रुसवे.

नंबर ठरवायच्या बैठकीला शेठ स्वतः आले. मी सांगितलं, ब्रेकच्या दिव्याला सगळ्यात मोठा नंबर, मग वायपर, आणि सगळ्यात लहान पडद्याला. पडदा डोळ्याची पापणी लवण्याएवढा उशिरा बदलला तर कुणाला कळणारही नाही. दिलीपभाई छताकडे बघू लागले.

"बेन," शेठ म्हणाले, "बाकी बधु बराबर छे. पण कुमारनो नंबर छेल्लो? एकदम शेवटचा?"

"शेठ, तो कुमारांचा नंबर नाही. पडद्याचा आहे."

"पडदो कोनो?"

"कुमारांचा."

"तो पछी?" शेठांनी हात पसरले. "तुमच्या मराठी लोकात जमाईला पंगतमा छेल्ला बसवतात काय? मी रातना घरे जाऊन काय सांगू? शेठाणी मला जेवायला नाय देणार."

केतनकुमार हसून म्हणाले, "अरे पप्पा, चालशे. मने तो गमे ते नंबर चालशे." लग्नात वरपक्षाचा काका "आमचं काय, आम्ही कुठंही बसू" म्हणतो ना, अगदी तोच सूर. तो सूर ऐकल्यावर काकांना कुठंही बसवण्याची छाती कुणाची होते? सगळ्यात मोठा नंबर पडद्याला गेला.

टेबलावर आम्ही एक फळी मांडली होती. तिच्यावर खऱ्या गाडीचा ब्रेकचा पायडल, एक लाल बल्ब, एक वायपरची मोटर आणि केतनकुमारांचा पडदा. शेठांच्या हस्ते उद्घाटन झालं. चावी फिरवली, 'भले पधार्या' निघालं. शेठांनी ब्रेक दाबला. बल्ब ढिम्म. अक्षरं रमतगमत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली, शेवटचं अक्षर दिसेनासं झालं, आणि मग बल्ब पेटला. रस्त्यावर असतं तर एव्हाना मागची गाडी आमच्या डिकीत बसलेली असती. कारण साधं होतं. कुमारांचा पडदा चिपला धरून बसला होता, आणि सगळ्यात मोठ्या नंबराला ऊठ म्हणायचा अधिकार मुकादमालाही नसतो.

"बेन, तुमचा दिवो धीमो छे," शेठ म्हणाले.

दिलीपभाईंनी बल्ब बदलून बघायची सूचना केली. मी दातओठ खात उभी राहिले आणि बल्ब बदलला गेला. नवा बल्ब जास्त प्रखर होता. तोही तितक्याच उशिरा पेटला, फक्त झगझगीत पेटला. शेठांना त्यात सुधारणा दिसली.

मी दोन दिवस कागदावर चित्रं काढून सगळ्यांना समजावलं. तेव्हा शेठांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. सगळ्यांना एकच नंबर! "लाइनमा उभा रहो," ते म्हणाले, "पेला आवे ते पेला." तोडगा दिलीपभाईंना फार पटला, कारण मागाची पेटी त्यांनी अशीच चालवली होती. हे बघ, ते बघ, मग पुन्हा हे बघ. मागाचा धागा थोडा थांबतो. ट्रकपुढचा माणूस थांबत नाही. पुन्हा फळीवर परीक्षा झाली. आता ब्रेकचा दिवा स्वागत संपेपर्यंत थांबायचा आणि वर वायपरची एक फेरीही पुरी होऊ द्यायचा. लोकशाही आली होती, आणि दिवा पहिल्यापेक्षा मागे गेला होता.

जर्मनीहून बघायला माणूस येणार, असं पत्र आलं. दिवा असाच राहिला तर काम जाणार, खोलीवरची पाटी उतरणार आणि माझं जाणंही बुडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेठांच्या पुढ्यात पुन्हा चित्रं मांडण्यात अर्थ नव्हता. त्यांना चित्र कळलं होतं. अडचण चित्राची नव्हतीच. घरी जेवायला बसायचं होतं त्यांना.

एक दिवस डबा खाताना माझ्या डोक्यात आलं, की या माणसांना मान हवा आहे, चिपला क्रम हवा आहे, आणि दोघांना एकाच रकान्यात कोंबायचा हट्ट मीच धरून बसले आहे. नंबर भरायला मी कॉम्प्युटरवर एक तक्ता केला होता. त्यातून मुकादमाची फाइल आपोआप तयार व्हायची. त्या तक्त्याच्या पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत एक नवा रकाना टाकला. नाव दिलं 'रँक'. खरा नंबर उचलून पार शेवटच्या पानावर नेला आणि त्या पानाला 'टेक्निकल' असं नाव ठेवलं. टेक्निकल म्हटलं की आमच्याकडे कुणी वाचत नाही, हा अनुभव होता. रँक मात्र फाइलमध्ये नुसती टीप म्हणून उतरायची. टीप माणसांसाठी असते. चिपपर्यंत ती पोचतच नाही.

पुन्हा बैठक झाली. मी गंभीर चेहऱ्यानं रँकचा रकाना उघडला. काय सांगू, अर्धा दिवस चर्चा चालली! केतनकुमारांच्या पडद्याला रँक एक, हे निर्विवाद. दोनसाठी दिलीपभाईंनी आपल्या नोकरीची वर्षं मोजून दाखवली. मी ब्रेकच्या दिव्यापुढं शेवटची रँक आपणहून लिहिली, तेव्हा शेठ गहिवरले. "बेन समजदार छे," ते दिलीपभाईंना म्हणाले. त्या दिवशी सगळे खुशीत घरी गेले. शेवटच्या पानावर ब्रेकच्या दिव्याला सगळ्यात मोठा नंबर मी शांतपणे भरून ठेवला होता.

जर्मनीचा माणूस आला. नाव क्लाउस, पण दुपारच्या जेवणापर्यंत शेठांनी त्याचा क्लाउसभाई केला होता. त्यानं चावी फिरवली, स्वागत निघालं, आणि ब्रेकवर पाय पडताक्षणी बल्ब पेटला. त्यानं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. अक्षरं किंचित अडखळायची, दिवा एकदाही चुकला नाही. शेठ माझ्या कानात म्हणाले, "जोयु? रँक बराबर नाखी तो बधु चाल्यु." रँक नीट घातली आणि सगळं चाललं! मी म्हटलं, "हो शेठ."

जाण्यापूर्वी क्लाउस तक्ता बघत होता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं विचारलं, ही रँक कशाला? मी इंग्रजीत सांगितलं, ही इथली गरज आहे. त्यानं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं, आणि तो खो-खो हसत सुटला. त्यांच्याकडे रेडिओवाल्या विभागाचा साहेब असाच आहे म्हणाला, फक्त त्याच्यासाठी रकाना करायचं अजून कुणाला सुचलं नाही. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटला. वाटलं, झालं, हा माणूस तिकडे जाऊन माझं नाव घेणार.

त्यांच्याकडून मुकादम पसंत असल्याचं पत्र आलं. पण ते क्लाउसनं लिहिलेलं नव्हतं. वरच्या कुठल्यातरी कचेरीतून आलं होतं. त्यात होतं, की सगळ्यात महत्त्वाच्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याला पाठवा. शेठांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा लावला, तक्ता उघडला. पहिलं पान.

"रँक एक," ते म्हणाले. "कुमार."

मी तोंड उघडलं. 'शेठ, तो रकाना खोटा आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की शेवटचं पान उघडणार. तिथं जावई सगळ्यात खाली बसलेले दिसणार. मग त्यांना उचलून वर बसवणार, आणि तीच फाइल तिकडे खऱ्या गाडीत जाणार. पायडल दाबल्यावर 'भले पधार्या' संपेपर्यंत थांबणारा दिवा, खऱ्या रस्त्यावर, मागून येणाऱ्या खऱ्या माणसांपुढं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झाली. मी सोडलं.

"बरोबर आहे, शेठ," मी म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. शेजारचे माग चालू होते, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी बाबांना सांगायचं सगळ्यात जड गेलं. "मी नाही जात, बाबा."

"कावून वं?"

"शेठांचा जावई चाललाय."

बाबा भांडतील, दोन शिव्या तरी घालतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी हात धुतले. मग म्हणाले, "जावई हाय म्हनते, त मंग तोच जाईन ना." आणि ताट ओढून जेवायला लागले. इतक्या सहज त्यांना ते पटलं, याचंच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतल्या लोकांना ते सांगू लागले, की पोरीलाच थंडी सोसत नाही. आईचा स्वेटर पुरा झाला होता. तो केतनकुमारांच्या अंगाला बसला नसता, नाहीतर तोही शेठांनी मागितला असता.

केतनकुमार गेले. तिकडून दर आठवड्याला ऑफिसात फोन यायचा, आणि मी इकडून वाक्य वाक्य सांगायची. कुठली फाइल उघडायची, कुठल्या ओळीवर जायचं, काय दाबायचं. ते आज्ञाधारक मुलासारखं सगळं करायचे. एकदाही उद्धट बोलले नाहीत, एकदाही श्रेय घेतलं नाही. श्रेय नावाची काही वस्तू असते हेच बहुधा त्यांच्या गावी नव्हतं. त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

शेवटच्या आठवड्यात फोन आला. गाडी पास झाली होती. नंबर आता कायमचे चिपमध्ये गेले होते, ते बदलणं शेठांच्याही हातात नव्हतं. केतनकुमार खुशीत होते.

"बेन, एक वात पूछवानी छे. इथले लोक विचारतात, ती रँकवाळी कॉलम काय काम करते?"

मी केबिनकडे पाहिलं. शेठ बशीतून चहा पीत होते. आता खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. मला तर ते इतके दिवस कुणाला तरी सांगायचंच होतं.

"केतनकुमार, त्यांना सांगा, ती काहीच काम करत नाही. गाडी तो रकाना वाचतसुद्धा नाही."

 

"असं कसं, बेन?" ते अगदी मनापासून म्हणाले. "मला तर इथे तिनेच आणला ने!"

"खरं आहे," मी म्हटलं. "त्यांना तसंच सांगा."